जतमध्ये शिकवते, भाषा शिकवण्यातच मास्टर्स करायचंय. करू का, आणि कुठे? (लांबलचक आहे, सॉरी)

दुष्काळातली_बाई | १२ सप्टेंबर, रात्री १०:४७

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथं नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदा, त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी जत तालुक्यात झेडपीच्या मराठी शाळेत आहे, ११ वर्षं झाली. एमए मराठी, बीएड. गाव अगदी हद्दीवर, पलीकडचा टॉवर पकडला की मोबाईलवर 'वेलकम टू कर्नाटक' येतो. वर्गात २६ मुलं, त्यातल्या १९ जणांच्या घरी कानडी. तालुक्यात कानडी माध्यमाच्या झेडपी शाळा आहेत पण आमच्या गावात नाही, आणि काही पालकांना मराठीच हवी असते, पुढं नोकरीला बरं म्हणून.

आता मुद्दा. जुलैमध्ये चौथीला गुणाकार घेत होते. 'आईने ४ मुलांना प्रत्येकी ३ पेरू दिले, एकूण पेरू किती?' निम्म्या वर्गाचं उत्तर ७. पाढे सगळ्यांना पाठ, तीन चोक बारा झोपेतनं उठवून विचारा. मग लक्षात आलं की अडलंय ते 'प्रत्येकी'वर, तो शब्द त्यांनी घरात कधी ऐकलेलाच नाही. मी दोन वेळा समजावलं, मराठीतच, म्हणजे अजून चार अवघड शब्द वापरून. शेवटी खिचडी शिजवणाऱ्या मावशींना दारातनं हाक मारली, म्हटलं तुम्ही सांगा. त्या हातातला डाव तसाच धरून आत आल्या आणि एकेका पोराकडं बोट करत म्हणाल्या 'मूर मूर, मूर मूर'. म्हणजे तीन तीन. सगळा वर्ग एकदम ओरडला 'हन्नेरडु!' बारा. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, कारण आपण पण मराठीत 'तीन तीन पेरू दिले' म्हणतोच की, ते मला सुचलं नाही.

नेमके त्याच आठवड्यात एक साहेब व्हिजिटला आले आणि शेरेबुकात लिहून गेले की वर्गात अध्यापनासाठी मराठीव्यतिरिक्त भाषा वापरली जाते, सुधारणा व्हावी.

तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा, मी केलं ते शिकवणं होतं का सोय होती. कुणी तरी हे नीट अभ्यासलं असेलच ना? नेटवर शोधलं तर 'लँग्वेज एज्युकेशन', 'इंटरकल्चरल टीचिंग', टेसॉल असलं काय काय दिसलं, परदेशात एका वर्षाचं मास्टर्स. सांगलीत एका कन्सल्टन्सीत गेले तर तिथली मुलगी म्हणाली मॅडम यात स्कोप नाही, डेटा अॅनालिटिक्स घ्या. वय ३५, नवरा मिरजेत नोकरीला, मुलगी दुसरीत. करावं का? कुठे? की उगाच खूळ आहे?

---

भडंग_प्रेमी | १२ सप्टेंबर, रात्री ११:१५

ताई राग मानू नका पण झेडपीची पर्मनंट नोकरी सोडून कोण जातं का? त्या एमएने वेतनश्रेणी बदलणार आहे का? नाही. बदलीत प्राधान्य? नाही. घरी बसून कानडी शिका, यूट्यूबवर फुकट आहे.

---

कंदीपेढा | १३ सप्टेंबर, सकाळी ६:५२

मूळ सातारा, आता इंग्लंडात. हेच मास्टर्स केलंय मी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे नावं. टेसॉल = इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजी शिकवणं. त्यात ९०% गोष्टी इंग्रजीभोवतीच फिरतात. अप्लाइड लिंग्विस्टिक्स म्हणजे भाषा शिकली कशी जाते, वापरली कशी जाते याचा अभ्यास, भाषा कुठलीही. आणि 'इंटरकल्चरल'वाले कोर्स बघतात की वेगवेगळ्या घरातनं आलेली माणसं एका वर्गात आली की काय होतं. ताई तुम्हाला दुसरं किंवा तिसरं हवंय, पण कन्सल्टन्सीवाले पहिलं गळ्यात मारतील, कारण त्याच्या जागा जास्त. कोर्सच्या नावावर जाऊ नका, मॉड्यूलची यादी उघडून बघा. त्यात 'बायलिंग्वल' किंवा 'मल्टिलिंग्वल एज्युकेशन' असा विषय नसेल तर पुढे चला.

दुसरं, तुमच्या 'प्रत्येकी'चं. जिम कमिन्स नावाचा कॅनडातला अभ्यासक आहे, त्याने १९७९ मध्ये एक फरक मांडला. गप्पा मारायची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. मैदानावरची भाषा पोरं वर्षा-दोन वर्षात उचलतात, पण पुस्तकातल्या भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं जातात. मास्तर फसतो तो इथंच. पोरगं मराठीत भांडतंय, शिव्या देतंय, म्हणजे मराठी येतंय असं आपण धरतो, मग गणितात अडलं की त्याला ढ म्हणतो.

आणि दोन भाषा वर्गात मुद्दाम वापरण्याला 'ट्रान्सलँग्वेजिंग' म्हणतात. शब्द मूळचा वेल्समधला, केन विल्यम्स (Cen Williams) यांचा, ९० च्या दशकातला. वेल्श शाळांमध्ये मुलं एका भाषेत वाचायची आणि दुसऱ्या भाषेत त्यावर लिहायची किंवा बोलायची. मी मास्टर्सच्या वर्गात बसून हे ऐकत होतो तेव्हा मला सारखं आमच्या गल्लीतलं मारवाडी दुकान आठवत होतं, हिशेब एका भाषेत आणि गिऱ्हाईक दुसऱ्या. तर साहेबांनी सुधारणा व्हावी म्हणून लिहिलंय त्याच गोष्टीवर लोक पीएचडी करतात.

---

दुष्काळातली_बाई | १३ सप्टेंबर, दुपारी १:२०

बाप रे. मधल्या सुट्टीत वाचतेय, डोळ्यात पाणी आलं खरंच. पाच ते सात वर्षं म्हणजे चौथीची मुलं अजून अर्ध्या वाटेवर आहेत, आणि आम्ही पहिलीतच प्रगत-अप्रगत करून मोकळे.

@भडंग_प्रेमी राग नाही हो. वेतनश्रेणीसाठी करायचंच नाहीये. कानडी थोडी येते, 'ऊटा आयता' (जेवण झालं का) याच्या पुढं थोडीशी. प्रश्न कानडीचा नाही, उद्या बिहारी मुलगा आला तर काय करायचं हा आहे.

---

विट्याचा_गलाई | १३ सप्टेंबर, रात्री ९:०५

मी काय शिकलेला माणूस न्हाय पण ह्या विषयावर बोलायचा हक्क हाय लगा मला 😄

आमच्या खानापूर आटपाडी भागातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं चांदी गाळायचं काम, देशात कुठंबी जावा आमचा माणूस सापडतोयच. माझा जन्म केरळातला. पाचवीपर्यंत मल्याळी शाळा, घरात आईबरोबर मराठी, दुकानात हिंदी. मग आजी आजारी पडली म्हणून आमाला गावाकडं आणलं आणि बसवलं सहावीत. पयल्या दिवशी बाईंनी धडा वाचायला लावला. मला देवनागरी अक्षरं जोडाय येत नव्हती. वर्ग हसला, बाई पण हसल्या. त्या वाईट न्हवत्या, त्यांना वाटलं पोरगं नाटक करालंय, कारण बोलायला तर मी फाडफाड बोलतोय. वर कंदीपेढा भावानं लिवलंय तेच. ३० वर्षांनी आज कळालं की त्याला नाव हाय.

पण एका गोष्टीत मी वर्गात सगळ्यात भारी होतो. आपण आणि आम्ही. जतकडची कानडी पोरं होती दोन वर्गात, ती सारखी चुकायची, 'बाई आपण खेळायला जाऊया का' म्हणायची आणि बाई म्हणायच्या तुम्ही जावा, मी कशाला येऊ. माझं कधी चुकलं न्हाय. का ते माहीत न्हाय.

---

ळ_ला_पर्याय_नाही | १३ सप्टेंबर, रात्री १०:३०

@विट्याचा_गलाई मी सांगतो का ते! भाषाविज्ञान माझा विषय, तुमची पोस्ट वाचून खुर्चीतनं उठलो.

मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की आत येतो. मल्याळममध्ये हाच फरक आहे, 'ञंगळ' म्हणजे आम्ही, 'नम्मळ' म्हणजे आपण. तुम्ही केरळातनं तो कप्पा डोक्यात घेऊनच आलात, फक्त लेबल बदललं. आजच्या कानडीत दोन्हीला एकच शब्द, 'नावु'. त्या पोरांकडे तो कप्पाच नव्हता, आधी कप्पा करायचा मग शब्द ठेवायचा. हिंदीतही 'हम' एकच, त्यामुळे बिहारहून आलेलं मूलही इथेच अडखळणार. ताई हे लिहून ठेवा, हा तुमचा उद्याचा प्रश्न.

तसंच लिंगाचं. कानडीत बाई स्त्रीलिंगी, बुवा पुल्लिंगी, बाकी जनावरं वस्तू सगळं नपुंसक, विषय संपला. मराठीत तो दगड, ती भिंत, ते दार. का? काही कारण नाही. आपण मूल चुकलं की लाल शाईने गोल करतो, पण त्याच्या बाजूने बघा, त्याच्या भाषेत अर्थावरून लिंग कळतं आणि आपल्या भाषेत पाठ करावं लागतं. कोण जास्त तर्कशुद्ध आहे ते तुम्हीच ठरवा.

कोर्सचं म्हणाल तर परदेशाआधी जवळचं बघा:

पुण्यात डेक्कन कॉलेजला भाषाविज्ञानात एमए आहे. हैदराबादची इफ्लू (इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी), १९५८ मध्ये इंग्रजीची केंद्रीय संस्था म्हणून सुरू झाली, तिथे इंग्रजी अध्यापनाचे कोर्स आहेत, दूरशिक्षणातनं पण, पण परत ते इंग्रजीचं. बेंगळुरूला अझीम प्रेमजी विद्यापीठात एमए एज्युकेशन, दोन वर्षांचं, घरची परिस्थिती बघून फी-मदत देतात.

आणि एक जे कुणालाच माहीत नसतं. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था, १९६९ ची. तिची प्रादेशिक केंद्रं आहेत, त्यात नोकरीतल्या शिक्षकांना १० महिने दुसरी भारतीय भाषा शिकवतात. पुण्याच्या केंद्रात बाहेरच्या राज्यातले शिक्षक येऊन मराठी शिकतात. म्हैसूरच्या दक्षिण केंद्रात कानडी, तमिळ, तेलुगू, मल्याळम. शिक्षक डेप्युटेशनवर जातो, राजीनामा द्यावा लागत नाही. अडचण एवढीच की राज्य सरकारने पाठवावं लागतं.

---

भडंग_प्रेमी | १४ सप्टेंबर, सकाळी ८:१०

व्याकरण भारी, मान्य. पण 'इंटरकल्चरल' हा शब्द ऐकला की मला आमच्या पोराच्या इंग्लिश मीडियम शाळेचा 'कल्चर डे' आठवतो. एकाला लुंगी, एकाला फेटा, एकीला नऊवारी, इडली-ढोकळा-पुरणपोळी एका टेबलावर, फोटो, संपलं. ७०० रुपये ड्रेसचं भाडं दिलं मी. त्यात मास्टर्स??

---

कंदीपेढा | १४ सप्टेंबर, दुपारी २:४०

😂 @भडंग_प्रेमी तुम्ही जे लिहिलं त्यावर आमच्याकडे आख्खा एक तास झाला होता. लुंगी-फेटा म्हणजे बर्फाचं वरचं टोक, खाली काय आहे ते कुणी बघतच नाही.

मायकल बायरम म्हणून डरहॅमचे प्राध्यापक, त्यांनी १९९७ मध्ये पाच गोष्टी मांडल्या. मी माझ्या भाषेत सांगतो. दुसऱ्याबद्दल कुतूहल असणं आणि आपलंच बरोबर हे जरा बाजूला ठेवता येणं. माहिती असणं. दुसऱ्याकडची गोष्ट आपल्याकडच्या गोष्टीशी ताडून बघता येणं. माहिती नसेल तिथं विचारून काढता येणं. आणि शेवटचं, सगळ्यात अवघड, आपल्या आणि त्यांच्या दोन्हीकडच्या चालीरीतींकडे टीकेने बघता येणं. ड्रेसचं भाडं फक्त दुसऱ्यात बसतं, तेही अर्धवट.

माझंच सांगतो. पहिल्या आठवड्यात मायक्रोटीचिंग होतं, १५ मिनिटं आपली भाषा वर्गाला शिकवा. मी मोठ्या ऐटीत 'तू' आणि 'तुम्ही' शिकवलं, तुम्ही म्हणजे आदर, तू म्हणजे जवळीक. एका कोरियन मुलीने विचारलं, मग तू आईला काय म्हणतोस? म्हटलं तू. वडिलांना? म्हटलं... तुम्ही. का? मी गप्प. २६ वर्षं मराठी बोललो, हा प्रश्न कधी स्वतःला पडला नव्हता. आमच्या घरात आईला अगं आणि वडिलांना अहो. तिच्या एका प्रश्नाने माझी १५ मिनिटं संपली. पाचवी पायरी म्हणतात ती हीच, मी वरून खाली गडगडत गेलो तिच्यावरून.

---

अजिंक्यतारा७२ | १४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

चर्चा वाचली. मी सेवानिवृत्त, रयतेच्या शाळांत ३४ वर्षे. टाइप करायला वेळ लागतो.

हे शब्द नवीन असतील, काम नवीन नाही. कर्मवीर अण्णांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले तेव्हा सर्व जातीची मुले एका पंगतीला बसवली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू बोर्डिंग नाव दिले गेले. एकाच भाषेची मुले होती, पण घरे किती निरनिराळी. पंगत हाच वर्ग होता.

माझ्या शाळेत साखर हंगामाला बीडकडची ऊसतोडीची मुले येत. एक मुलगा 'लेकरू' म्हणाला की आमची मुले हसत. मी फळ्यावर लेकरू, पोरगं, मूल, बाळ असे लिहिले आणि कोणाच्या घरी काय म्हणतात ते विचारले. अकरा शब्द निघाले. त्या मुलाचा शब्द यादीत पहिला होता. नंतर हसणे बंद झाले. मी कोणतीही पदवी घेतली नव्हती. मात्र त्या वेळी का चालले हे मला सांगता आले नाही, म्हणून शेजारच्या वर्गावरच्या शिक्षकाला शिकवताही आले नाही. बाईंनी अवश्य शिकावे.

---

फाईलवाला | १५ सप्टेंबर, सकाळी ११:०५

भावनिक चर्चा झाली असेल तर कागदाकडे या.

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ मध्ये अध्ययन रजा आहे. सेवा पाच वर्षं झालेली हवी, एका वेळी साधारण १२ महिने. इंग्लंडचं एक वर्षाचं मास्टर्स त्यात बसतं, हीच त्याची खरी मजा. बंधपत्र लिहून द्यावं लागतं, परत येऊन सेवा करणार म्हणून. अर्ज मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, बीईओ (गटशिक्षणाधिकारी), मग जिल्हा परिषद. प्रत्येक टेबलावर पोचपावती घ्या, तोंडी 'बघू' हे उत्तर नसतं. परदेशासाठी ना-हरकत वेगळी.

पैसा. फी, राहणं, व्हिसा धरून ३५ लाखाच्या आसपास धरून चाला. कर्ज काढून करू नका असं माझं स्पष्ट मत. चेव्हनिंग शिष्यवृत्ती बघा, ब्रिटिश सरकारची, एक वर्षाच्या मास्टर्सचा सगळा खर्च. २८०० तास कामाचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे चिक्कार आहे. अट अशी की शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायचं. बाकीच्यांना ही अट जाचते, तुम्हाला तर यायचंच आहे. अर्ज ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतात, म्हणजे आत्ता. घाईत भरू नका, वाईट अर्ज भरण्यापेक्षा पुढच्या वर्षी चांगला भरा.

---

सीमाभाग_आमचा | १५ सप्टेंबर, दुपारी १२:३०

मराठी शाळेत कानडी बोलायला लावणार आणि वर त्याला परदेशी नाव देणार. २०२२ ला कर्नाटकच्या मुख्यमंत्र्याने जतच्या ४० गावांवर दावा केला तेव्हा कुठे होतात सगळे? साहेबांनी बरोबर शेरा मारला.

---

दुष्काळातली_बाई | १५ सप्टेंबर, रात्री ९:५०

@सीमाभाग_आमचा दादा, तेव्हा मी त्याच ४० गावांच्या भागात शाळेवर होते, हजेरी घेत होते. मूर मूर म्हटल्यावर माझी पोरं 'प्रत्येकी' शिकली, आता ती 'प्रत्येकी' वापरतात, भांडताना सुद्धा. मराठी एका शब्दाने वाढली, कमी नाही झाली. यावर मी पुढे लिहिणार नाही.

@फाईलवाला धन्यवाद दादा, प्रिंट काढून ठेवलं. @अजिंक्यतारा७२ सर नमस्कार करते. तुमचं शेवटचं वाक्य, शेजारच्या वर्गाला शिकवता आलं नाही, ते माझं पण आहे.

एसओपी (अर्जासोबतचं, का शिकायचंय ते सांगणारं निवेदन) लिहून बघितला रात्री. पहिला परिच्छेद टाकते, हसू नका:

'मला लहानपणापासूनच भाषांची आवड आहे. भारत हा विविधतेने नटलेला देश असून येथे अनेक भाषा गुण्यागोविंदाने नांदतात. एक शिक्षिका म्हणून मला जागतिक दर्जाचे शिक्षण घेऊन समाजासाठी योगदान द्यायचे आहे.'

---

कंदीपेढा | १६ सप्टेंबर, सकाळी ७:१५

ताई 'विविधतेने नटलेला' प्रतिज्ञेत ठीक आहे, सकाळी एकदा म्हणतोच आपण. इथून खोडा. हा परिच्छेद पंजाबपासून केरळपर्यंत कुणीही लिहू शकतं.

तुम्ही आम्हाला पहिल्या पोस्टमध्ये जे लिहिलं तेच लिहा की. २६ मुलं, १९ कानडी, ७ हे उत्तर, डाव घेतलेल्या मावशी. मग शेरेबुक. मग एक वाक्य: ही सोय होती की अध्यापन, हे मला माहीत नाही आणि ते शोधायला येतेय. निवड करणाऱ्याला प्रश्न घेऊन आलेला माणूस हवा असतो. आणि प्रबंधाचा विषय पण तुमच्या हातात तयार आहे, आमच्या बॅचला अर्ध्यांना तो जूनपर्यंत सापडला नव्हता.

आत्तापासून एक वही करा. रोज एक चूक, कुणी केली (नाव नको), घरी कुठली भाषा, तुम्ही काय केलंत. बास.

---

भडंग_प्रेमी | १६ सप्टेंबर, सकाळी ९:००

+१ वहीला. आणि ताई पहिल्या दिवशी जे बोललो ते परत घेतो. ड्रेसच्या भाड्याचं मात्र परत घेत नाही.

---

दुष्काळातली_बाई | ९ डिसेंबर, रात्री १०:१०

धागा वर काढतेय, अपडेट द्यायचं राहिलं होतं.

या वर्षी चेव्हनिंग भरलं नाही. इंग्रजी लिखाण कच्चं आहे, ते आधी. पुढच्या ऑगस्टला भरणार, घरात सांगून ठेवलंय, सासूबाई म्हणाल्या पोरीला मी बघते पण रोज फोन कर. दरम्यान म्हैसूरच्या १० महिन्यांच्या कोर्ससाठी अर्ज वरती पाठवलाय. पहिल्या टेबलावर 'अशी काही योजना नाही' म्हणाले, दुसऱ्या टेबलावर 'मॅडम मराठी शिक्षकाने कानडी शिकून करायचं काय' म्हणाले. दोन्हीकडे पोचपावती घेतली @फाईलवाला.

वही सुरू आहे, ६१ नोंदी झाल्या. सगळ्यात जास्त लिंगाच्या, मग आपण-आम्ही. ळ दादांनी सांगितलं तसं कप्पा आधी केला, खडूने जमिनीवर वर्तुळ काढलं. मी आत उभी राहिले की 'आपण', बाहेर गेले की 'आम्ही'. चार दिवस नुसता दंगा, सारखी मला आत ओढायची आणि बाहेर ढकलायची, माझी आख्खी ओढणी खडूने पांढरी.

परवा वर्गात म्हटलं, शनिवारी आपण सहलीला जाणार. मागच्या बाकावरचा एक, घरात शुद्ध कानडी, जून महिन्यात माझ्याशी बोलायचा पण नाही, तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, 'बाई, आपण म्हणजे तुम्ही पण?'

---

विट्याचा_गलाई | ९ डिसेंबर, रात्री १०:३२

आयला. मग गेलाय का?

---

दुष्काळातली_बाई | ९ डिसेंबर, रात्री १०:४०

हो. दंडोबाला. मावशी पण होत्या.